आत्तींचं पिल्लू

"शालन, माझं पिल्लू दिसलं का गं तुला?"

आत्तींनी परड्यातून विचारलं, तेव्हा मी चुलीपुढं बसून आबांच्या ताटात दुसरी भाकरी वाढत होते. मला पिल्लू दिसलं होतं. पाच मिनिटांपूर्वीच दिसलं होतं. पण आबा माझ्यासमोर पाटावर बसून दुधात भाकरी कुस्करत होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.

"नाही हो आत्ती," मी म्हणाले. "असेल तिथंच कुठंतरी."

माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आता त्याला तीसेक वर्षं होत आली. आबा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते गुरुजी. ते रस्त्यानं निघाले की कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहत आणि सायकलवरची खाली उतरत. मला दाखवायला नेलं तेव्हा माझ्या वडिलांनी फारशी चौकशीसुद्धा केली नव्हती. गुरुजींचं घर म्हटल्यावर आणखी काय विचारायचं, असं ते म्हणाले होते.

आत्ती म्हणजे सासूबाई. त्यांच्याबद्दल गावात कुणी बरंही बोलत नसे आणि वाईटही. घरात त्यांच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा फक्त कोंबड्या होत्या. आबांना कोंबड्यांची घाण खपत नसे, म्हणून खुराडं परड्याच्या पार टोकाला होतं आणि परडं दिवसातून तीनदा झाडावं लागे. मलाही खरं तर कोंबड्यांची किळसच यायची. माहेरी सगळे माळकरी, अंडंसुद्धा घरात येत नसे. इथं सकाळी पहिलं काम म्हणजे खुराड्याची विष्ठा ओढून काढायची. सुरुवातीला मी नाकाला पदर बांधून ते करायचे, आणि आत्ती काही न बोलता माझ्या हातातून खराटा घ्यायच्या.

त्या फाल्गुनात त्यांनी तांबडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली. एकविसाव्या दिवशी दहा अंडी फुटली. दहा पिल्लं घेऊन कोंबडी उठली ती परत अकराव्याकडं फिरकली नाही. आत्तींनी ते अंडं कानाला लावलं, मग माझ्याही कानाला लावलं. आतून बारीक टकटक येत होती. अंडं चिंध्यांत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं, आणि त्या दिवसभर त्याच्याशेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी ते बाहेर आलं. ओलं, गुलाबी, लुळ्या मानेचं काहीतरी. अंगाला चिकट पापुद्रा. वास तर विचारू नका.

"हे काय जगायचं नाही," मी म्हणाले.

आत्ती कोमट पाण्यात बोट बुडवून पापुद्रा सोडवत होत्या. "माणसाचं पोर तरी कसं येतं?" त्या म्हणाल्या.

ते जगलं. कोंबडीनं त्याला जवळ केलं नाही, म्हणून ते आत्तींच्या मागं फिरू लागलं. त्या शेणी थापायला बसल्या की ते त्यांच्या पायांच्या बोटांत शिरून बसायचं. कण्या टाकल्या तर बाकीची पिल्लं धावायची आणि हे आधी आत्तींकडं बघायचं. इतक्या वर्षांत कुणाशी बोलल्या नसतील इतकं आत्ती त्याच्याशी बोलायच्या. आज मिरची निवडायची आहे, आज अंग कणकण करतंय, असलंच काहीतरी. पण सतत पायांत घोटाळल्यानं एक झालं. पिल्लाला आत्तींचं तोंड कळत नव्हतं, पाय कळत होते. पाय दिसले की ते पळत सुटायचं, मग ते कुणाचे का असेनात.

त्या गुरुवारी सकाळी मी मोरीत भांडी घासत होते. मोरीच्या झरोक्यातून परडं दिसतं. आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला बाहेर आले. पायांत कातडी वहाणा. पिल्लू शेवग्याच्या बुंध्याशी काहीतरी टिपत होतं. पाय दिसताच ते इवलेसे पंख पसरून धावलं. आबांची नजर वर होती. पाऊल पडलं आणि ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

यात त्यांचा काही दोष नव्हता. ते कुणाच्याही पायाखाली आलं असतं, माझ्यासुद्धा. मला वाटलं, आता हे आत्तींना हाक मारतील. हातातलं पातेलं तसंच धरून मी त्या हाकेची वाट बघत राहिले.

आबांनी पाय उचलून खाली बघितलं. मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. झरोक्याआडच्या अंधारात मी त्यांना दिसले नसणार. पिल्लाचा एक पाय अजून हलत होता. आबांनी वहाणेच्या टोकानं ते हळूहळू सरकवत शेणींच्या राशीपर्यंत नेलं, दोन शेणींच्या फटीत ढकललं आणि वरची एक शेणी पायानंच पुढं ओढली. मग धुण्याच्या दगडावर वहाणेचा तळ दोनदा घासला, सूर्याला पाणी दिलं, हात जोडले, आणि आत येऊन म्हणाले, "सूनबाई, ताट करा."

मी ताट केलं. ज्याचा पाय हलत होता त्याला जाऊन बाहेर काढावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण ते चपटं झालेलं अंग हातात घ्यायच्या कल्पनेनंच मला शिसारी आली. आणि आबा समोर बसले होते.

आत्तींनी परत हाक मारली, तेव्हा आबा भाकरीवरून नजर न काढता म्हणाले, "हौसाबाईचा बोका फिरत होता मघाशी."

एवढंच. बोक्यानं नेलं असं ते म्हणाले नाहीत. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, बोका रोजच फिरायचा. मग त्यांनी आणखी दूध मागितलं. बोटांनी ते भाकरी चुरत होते, आणि मला त्या बोटांकडं बघवेना.

हौसाक्का आमची शेजारीण. मधे नुसता कमरेएवढा दगडी गडगा. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती लोकांच्या मळ्यात तण काढायला, भांगलणीला जायची. घरात माणूस म्हणाल तर तो करडा बोका, नवऱ्यानं आणलेला. फार म्हातारा झाला होता. उन्हात गडग्यावर पसरलेला असायचा, कोंबड्या त्याच्या शेपटीजवळून जायच्या आणि तो डोळासुद्धा उघडायचा नाही.

दुपारी आत्ती चुलीला शेणी आणायला गेल्या त्या लवकर आल्या नाहीत. मी बघायला गेले. त्या राशीजवळ फतकल मारून बसल्या होत्या, पदरावर पिल्लू. डोळ्यांच्या जागी नुसत्या मुंग्या होत्या. फुटलेल्या पोटातूनही मुंग्यांची रांग लागली होती. आत्ती एकेक मुंगी चिमटीत धरून काढत होत्या. मारत नव्हत्या, बाजूला सोडत होत्या. मी कर्दळीआड जाऊन ओकले. तोंड पुसून परत आले आणि म्हणाले, "बोक्यानंच केलं का हो हे?"

हे मी का विचारलं, आजही सांगता येणार नाही. आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या.

"असंल," त्या म्हणाल्या.

त्यांनी शेवग्याखाली खुरप्यानं खड्डा केला, पिल्लू ठेवलं, वर मूठभर मीठ टाकलं आणि माती लोटली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावर बसून उठल्या.

तिथं हे संपलंही असतं. पण त्या रविवारी आबांचा सत्कार होता. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात मांडव घालायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी रोज कुणी ना कुणी घरी यायचं. शुक्रवारी दोघं आले. चहा घेताना आबांनी आपण होऊनच विषय काढला. आमच्या घरात एका पिल्लापायी जेवणखाण बंद झालंय, असं ते हसत म्हणाले. मग बोक्याचं सांगितलं. यावेळी 'फिरत होता' असं म्हणाले नाहीत. 'नेलं' असं म्हणाले. एका दिवसात ते वाक्य इतकं पुढं गेलं होतं.

त्या दोघांना गुरुजींसाठी काहीतरी करायला मिळालं याचाच आनंद झाला. उद्याच त्याचा निकाल लावतो, असं एकजण म्हणाला.

"मारायचं नाही हं," आबा म्हणाले. "जीव आहे तो. नदीपलीकडं नेऊन सोडा म्हणजे झालं."

बाहेर पडताना ते दोघं आपसांत बोलत होते. गुरुजी ते गुरुजीच, मुक्या जनावराचासुद्धा किती विचार करतात. मी कपबश्या गोळा करत होते. आबांच्या कपाच्या कडेला त्यांच्या ओठांचा ओला डाग होता. तो कप मी राखेनं तीनदा घासला.

शनिवारी सकाळी ते पोतं घेऊन आले. हौसाक्का मळ्यात गेली होती. बोका काही जवळ येईना, म्हणून एकानं मला हाक मारली. वहिनी, जरा वाटीत दूध देता का?

मी दूध दिलं. नुसतं दिलं नाही, कोमट करून दिलं. तो गार दुधाला तोंड लावत नाही हे मला माहीत होतं.

पोत्याचं तोंड बांधून ते मोटारसायकलवर ठेवत होते, तेवढ्यात हौसाक्का आली. कुणीतरी मळ्यात जाऊन तिला सांगितलं असावं. धावत आल्यानं तिला धाप लागली होती, पायाला चिखल तसाच. तिनं गाडीचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओसरीवर उभ्या असलेल्या आबांना म्हणाली, "गुरुजी, त्याच्या तोंडात एक दात न्हाई. भाकरी दुधात भिजवून घालती मी त्याला. तोंड उघडून बघा की एकदा."

तोंड कुणी उघडून बघितलं नाही. आबा पायरी उतरून तिच्याजवळ गेले. शाळेत रडणाऱ्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हौसाबाई, त्याचा दोष नाही. जनावराचा स्वभावच असतो तो. मी त्याला कधीच माफ केलंय."

मी दारात उभी होते. आत्ती माझ्या मागं होत्या. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. गाडी गेली.

माझे यजमान साखर कारखान्यात कारकून होते, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. चहा देताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "उद्या गाव गोळा होणार आहे त्यांच्यासाठी, आणि तू एका पिल्लावरनं त्यांना खोटं पाडायला निघालीस? परत हे तोंडातून काढू नकोस." मी काढलं नाही.

रविवारी सकाळी आत्तींसाठी नवं लुगडं आलं होतं. आबांच्या शेजारी त्यांची खुर्ची मांडली होती. सगळे निघालो तेव्हा त्या चुलीपाशीच बसलेल्या. "मी येत न्हाई," एवढंच म्हणाल्या. आबांनी कारण विचारलं, यजमानांनी विनवलं, मांडवातून दोन बायका न्यायला आल्या. आत्ती उठल्या नाहीत. शेवटी त्यांना बरं नाही असं सांगायचं ठरलं, आणि त्यांच्या जागी मला बसवलं.

आबा छान बोलले. त्यांचं बोलणं नेहमीच छान असायचं. एका मुलानं शाळेतला पृथ्वीचा गोल फोडला आणि आपण होऊन कबूल केलं, तेव्हा मी त्याला पोटाशी धरलं, असं त्यांनी सांगितलं. तो मुलगा आता मोठा इंजिनिअर होता, पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. मांडवभर टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सगळे माझ्याकडं बघत होते, हात मांडीवर ठेवून कशी बसणार? पण वाजवताना माझे हात मला कुणा दुसऱ्याचे वाटले, ओले आणि चिकट.

जेवणावळ सुरू झाली तशी मी घरी आले. आत्ती घरात नव्हत्या. गडग्यापलीकडून त्यांचा आवाज आला. हौसाक्काच्या उंबऱ्यावर त्या दोघी बसल्या होत्या. हौसाक्काचे डोळे सुजलेले, आत्तींचे कोरडे.

मला बघून आत्ती म्हणाल्या, "मी सांगितलं हिला. बोक्यानं मारलं न्हाई म्हणून."

मी गडगा ओलांडून पुढं गेले.

"मांजर मारतं ते खातं, न्हाईतर दात तरी लागतात. पिल्लू चपटं झालं होतं, शालन. यांच्या वहाणेच्या तळाला पिवळी लव चिकटली होती. मीच धुतली ती वहाण."

"गुरुवारीच कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय. मला वाटलं, सांजपातूर सांगतील. मग वाटलं, उद्या सांगतील. काल पोतं बांधलं तवा वाटलं, आता तरी सांगतील." त्या थांबल्या. "एका पिल्लासाठी मी काय त्यांना खाल्लं असतं?"

मग मी माझं सांगितलं. झरोका, हलणारा पाय, दुधाची वाटी, सगळं. सांगून टाकलं की मोकळं वाटेल असं मला वाटत होतं. हौसाक्का शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"दूध तू दिलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"ह्या वैनी आपल्या पायानं आल्या. तू त्यांच्या मागनं आलीस. जा घरला."

दुपारी आबा घरी आले. गळ्यात हार, खांद्यावर शाल, मागं पाचसहा माणसं. ती माणसं गेल्यावर त्यांनी आत्तींना विचारलं, कुठं होतीस? हौसाच्या घरी, आत्ती म्हणाल्या. कशाला? माफी मागायला.

"कशाची माफी?"

"तुमच्या बदल्यातली."

यजमान मधे बोलायला लागले, पण आबांनीच हात वर करून त्यांना थांबवलं. ते शालीच्या दशा बोटांनी सरळ करत राहिले.

"पायाखाली आलं ते," ते म्हणाले. "मी काय मुद्दाम केलं?"

"मग तेवढंच सांगायचं होतं," आत्ती म्हणाल्या, आणि उठून कोंबड्यांना कण्या टाकायला गेल्या.

त्यावर घरात पुन्हा कधीच बोलणं झालं नाही. आबा आणखी बारा वर्षं जगले. शेवटचं वर्ष अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मीच केलं. त्यांची किळस मला तोवर राहिली नव्हती. किळस फार काळ पुरत नाही, रोजचं काम तिला पुसून टाकतं. पण हौसाक्काकडं ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

मी मात्र सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी एसटीनं नदीपलीकडं गेले. जिथं पोतं सोडलं ती जागा त्या दोघांनी सांगितली, एक वीटभट्टी. तिथल्या बाईनं असा बोका बघितल्याचं सांगितलं. एक दिवस दिसला, मग नाही. मी उसाच्या बांधाबांधानं हाका मारत हिंडले. चार दिवसांनी परत गेले. तिसऱ्या वेळी हौसाक्काही माझ्या एसटीत चढली. आम्ही एका बाकावर बसलो, पण बोललो नाही. दिवसभर ती एका बांधानं आणि मी दुसऱ्या बांधानं हाका मारत होतो. काही मिळालं नाही.

परतीच्या गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "आता नगं येत जाऊस."

"का?"

"बोक्यासाठी न्हाई शोधत तू. तुझ्यासाठी शोधतीयास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पायाला लागलेली कुसळं ती एकेक करून काढत होती. तिचं म्हणणं खरं होतं.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले.